आठवा खड्डा

पाणीपुरवठा खात्यात मी एकोणीस वर्षे खोदकाम करीत आहे. जमिनीखालचा नळ कोठे फुटला आहे हे वरून हेरणे, तेथे खड्डा घेणे, जोडारी खाली उतरून काम करी तोपर्यंत कडा ढासळू न देणे, आणि नळ सापडून दुरुस्त झाला की खड्डा बुजवून, माती चोपून घरी जाणे, एवढेच माझे जीवितकार्य आहे. या कामात एक ज्ञान हाताला आपोआप प्राप्त होते. जी जमीन पूर्वी कोणीही खणलेली नाही ती पहारीला खणखणीत उत्तर देते, आणि तिचे थर वहीच्या पानांप्रमाणे एकाखाली एक निवांत पडलेले दिसतात. जी एकदा खणून बुजवलेली आहे ती मात्र दबते. तिचा आवाज बद्द येतो, आणि तिच्यात वरची काळी व खालची पिवळी माती कालवल्यासारखी असते. वीस वर्षांपूर्वी बुजवलेला खड्डासुद्धा मला दोन घावांत ओळखू येतो. हे ज्ञान मला नसते, तर पुढील हकिगत घडली नसती आणि टपालकाका कदाचित आज हयात असते.

त्या वर्षी आमच्या शहरातील भाजीबाजारात स्फोट झाला. एकतीस माणसे मृत्यू पावली. माझ्या पत्नीची पाठची बहीण त्या वेळी लिंबे निवडीत उभी होती. ती वाचली, परंतु तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि उजव्या कानाने ऐकू येणे बंद झाले. इस्पितळातून तिला आम्ही आमच्याच घरी आणले. स्फोटकांनी भरलेली अशीच दुसरी एक पेटी शहरात कोठेतरी पुरून ठेवलेली आहे, असे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले, तेव्हापासून लोक रस्त्यात पडलेल्या चपलेलासुद्धा वळसा घालून जाऊ लागले.

दहाबारा दिवसांनी आमच्या मुकादमाने मला चौकशी कचेरीत हजर होण्यास सांगितले. ती इमारत पूर्वी मुलींचे वसतिगृह होती. कपड्यांच्या दोऱ्या बांधण्याचे खिळे खिडक्यांखाली अद्यापि तसेच होते. वरच्या मजल्यावर साहेब बसत. ते कृश होते, डोळ्यांखाली काळे पडले होते, आणि पित्ताच्या पांढऱ्या गोळ्या ते फुटाण्यांसारख्या चघळीत.

"पाणीखात्याचा तूच का?"

"होय, साहेब."

"आमचे लोक मांजरासारखे खणतात. वरवर. मला खोल जाणारा माणूस पाहिजे. आणि तोंड कसं आहे तुझं?"

"तोंड नाही, साहेब," मी म्हणालो.

दाराशी एक वयस्क हवालदार उभा होता. तो म्हणाला, "बोलायला नाही म्हणतोय, साहेब. जेवायला असेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला खाली गाडीकडे पिटाळले.

गाडीच्या मागच्या भागात, दोन बाकांच्या मधोमध जमिनीवर, टपालकाका बसले होते.

तेवीस वर्षे त्यांनी आमच्या गल्लीत टपाल टाकले. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. दूरदेशी नोकरीस असलेल्या माझ्या थोरल्या भावाची पत्रे काका उंबऱ्यावर बसून तिला वाचून दाखवीत, आणि पत्रात वाईट बातमी असली की वाचण्यापूर्वी पाणी मागीत. पाण्याचा पेला मागितला की आई आधीच डोळ्याला पदर लावी. सहावीत माझी शाळा सुटली, त्यानंतर मला पुन्हा वाचनाकडे वळवले तेही त्यांनीच. पाकिटावर पत्ता कसा लिहावा हे त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले होते. "आधी माणूस, मग घर, मग गल्ली, मग खूण. अंधारात माणूस दार शोधतोय असं समजून लिही."

स्फोटाच्या दिवशी सकाळी बाजारात पार्सले पोचवणारा सरकारी माणूस हा एकटाच, एवढ्यावरून त्यांना धरले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान अशी फिरवली, की जणू काय माझे तोंड त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. मीही ओळख दाखवली नाही. त्या कचेरीत आपली ओळख निघणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते व मला अजून ठाऊक व्हायचे होते.

पेटी पुरल्याची म्हणून काकांनी सांगितलेली पहिली जागा बर्फाच्या बंद कारखान्यामागे होती. काकांना मी आणि हवालदाराने उचलून उतरवले. त्यांची पावले ओल्या गोणपाटात गुंडाळलेली होती.

"चालून चालून पाय सुजलेत म्हातारबांचे," हवालदार कोणाकडेही न बघता म्हणाला.

मी पहार मारली. जमीन खणखणली. दुसरा घाव मारला. पिवळा थर हाताएवढ्या खोलीवर सरळ रेषेत होता. तेथे कोणीही, कधीही, काहीही पुरलेले नव्हते. मी पाठ सरळ केली आणि साहेबांना ते सांगणार, इतक्यात माझी नजर काकांकडे गेली. ते भिंतीला टेकून उन्हात बसले होते. हवालदाराने त्यांना पाण्याचे भांडे दिले होते आणि ते दोन्ही मनगटांत धरून, एकेक घोट तोंडात घोळवून ते पीत होते. बोटे धरण्याच्या कामाची राहिली नव्हती. चेहरा त्यांनी वर करून डोळे मिटले होते.

खोदणे चालू असेपर्यंत त्यांना कोणी हात लावणार नव्हते.

मी वाकलो आणि खणू लागलो. दीड तासाचे काम मी चार तास केले. सात फूट गेलो. शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिले, काकांकडे पाहिले, आणि एवढेच म्हटले, "चला."

याप्रमाणे एक दिवसाआड आम्ही निघू लागलो. दुसरा खड्डा पडक्या घराच्या आवारात झाला, तिसरा एका दंतवैद्याच्या परसात. घर कुलूपबंद होते, दारावरच्या पाटीवर गंज चढला होता. दुपारी काकांना पाणी पाजण्याचे काम हवालदाराने मला सांगितले, कारण त्याला सिगारेट ओढायची होती. मी भांडे ओठांना लावले.

"दोन वर्षं याची पत्रं परत पाठवली मी," काका भांड्यातच बोलल्यासारखे पुटपुटले. "वारला. पुढे-मागे कुणी नाही. इथं कुणाला त्रास होणार नाही."

तेव्हा मला उलगडा झाला. ते सांगत होते ती प्रत्येक जागा अशी होती, की जेथून पत्रे परत जात. जेथे दार उघडायला कोणी नाही अशीच दारे ते त्या लोकांना दाखवीत होते.

"सावकाश खण रे," ते म्हणाले. "घाई करू नकोस. ऊन छान आहे."

सायंकाळी घरी गेलो की मेहुणी पलंगावरून ओरडून विचारी, कारण स्वतःचा आवाज तिला कमी ऐकू येत असे.

"भाओजी, सापडली का?"

"नाही."

"मग दिवसभर काय उकरता? कोंबड्यासारखं?"

माझी पत्नी हसे, परंतु ताट वाढताना माझ्याकडे निरखून पाही. सहाव्या खड्ड्यानंतर मी तिला स्वयंपाकघरात हलक्या आवाजात सांगितले की तो माणूस म्हणजे आपले टपालकाका आहेत.

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"काका? छे. काहीतरीच."

"पावलं पाहवत नाहीत गं."

तिने चमचा खाली ठेवला. नंतर म्हणाली, "त्यांना काहीच माहीत नाही, असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?"

मी विचार केला. पार्सलात काय होते हे मला ठाऊक नव्हते. माणसाच्या आत पहार मारून पाहता येत नाही.

"नाही सांगू शकत."

"मग? ती दुसरी पेटी उद्या शाळेपाशी उडाली तर? तुमच्या दयेनं माझ्या बहिणीचा पाय उगवणार नाही." एवढे बोलून ती रडू लागली, आणि रडता रडता म्हणाली, "माझी नोकरीची चिठ्ठी त्यांनीच आणली होती. पेढे नकोत, पाणी द्या म्हणाले होते. मी घाबरलेच होते."

साहेबांनाही मी एकदा विचारण्याचे धाडस केले. पाचव्या खड्ड्याच्या काठावर ते एकटे उभे होते.

"साहेब, याला खरंच काही माहीत असेल का?"

मला वाटले, ते खवळतील. पण ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "गोड बोलून माणसं खरं सांगत असती, तर मी कचेरी बंद करून मिठाईचं दुकान काढलं असतं. एकतीस माणसं गेलीत. मला रोज सकाळी वरून फोन येतो, आणि रोज तोच प्रश्न. उद्या दुसरी फुटली, त्यात तुझ्या घरचं कोणी असलं, तर तूच माझी गचांडी धरशील, की साहेब, तुम्ही हात का आखडला?"

"माझ्या घरचं आहे, साहेब. पहिल्यातच."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. प्रथमच पाहिले असावे. "मग खोल खण," ते म्हणाले.

सातवा खड्डाही रिकामा गेला. त्या दिवशी काकांना बसवत नव्हते. ते कुशीवर पडून होते आणि ऊनही त्यांना सोसवेना, म्हणून मी माझे उपरणे त्यांच्या तोंडावर टाकले. निघताना साहेब हवालदाराला म्हणाले, "परवा शेवटचा. काही निघालं नाही तर खड्डे बंद. मग याला खालच्या खोलीतून वर आणायचं नाही."

खालची खोली म्हणजे वसतिगृहाची कपडे धुण्याची जागा. तेथून वर न येणे याचा अर्थ मला समजला.

आता मी जे केले ते सांगतो. माझ्या अवजारांच्या पिशवीत पत्र्याचा एक जुना डबा असे. नळाच्या आट्यांना लावायचा काथ्या, सफेदा आणि सुतळी मी त्यात ठेवीत असे. त्याचे कोपरे गंजले होते, रंग उडाला होता. मी मनाशी असा विचार केला, की आमच्या खात्यात गळती सापडेपर्यंतच मुकादम डोक्यावर बसतो. एकदा सापडली की काम संपते, खड्डा बुजतो, माणसे आपापल्या घरी जातात. या लोकांनाही काहीतरी सापडावयास हवे आहे. ते एकदा सापडले की संपेल. एकोणीस वर्षांत मी दुसरे काही पाहिलेच नव्हते, म्हणून माझ्या बुद्धीला दुसरे काही सुचले नाही.

आठवा खड्डा एका बंद चित्रपटगृहाच्या मागे होता. जमीन कुमारिकेसारखी होती, पहिल्या घावालाच खणखणली. मी छातीइतका आत गेलो. साहेब गाडीत फोनवर होते. हवालदार वाऱ्याकडे पाठ करून काडी पेटवीत होता. मी डबा पिशवीतून काढला, आतले सामान पिशवीत ओतले, डबा तळाशी आडवा ठेवला, वर तीन फावडी माती लोटून पायाने दाबली. मग थोडा थांबलो आणि पहार मारली.

पत्र्याचा आवाज ऐकून साहेब फोन हातात तसाच धरून धावत आले. त्यांनी सर्वांना मागे हटवले आणि स्वतः आत उतरले. त्या क्षणी ते भ्याले नाहीत, हे मला नमूद केले पाहिजे. डबा त्यांनी स्वतःच्या हातांनी वर काढला.

मी काकांकडे पाहिले. त्यांचे तोंड उघडे पडले होते. आपण मनानेच रचून सांगितलेल्या जागेतून खरोखरच काही निघाले, हे पाहून त्यांची नजर डब्यावरून खड्ड्यात गेली, खड्ड्यातून माझ्यावर आली, आणि तेथे थांबली. मग त्यांनी अगदी किंचित मान हलवली. लहानपणी मी पाकिटावर गल्ली आधी आणि घर नंतर लिहिले, की ते अशीच मान हलवीत.

साहेबांनी झाकण उघडले.

"रिकामी," ते म्हणाले.

झालं, बुजवा, हे शब्द ऐकण्यासाठी मी फावडे हातात घेतले होते.

साहेब काकांपाशी उकिडवे बसले. त्यांचा आवाज जवळजवळ मायेचा झाला होता. "बघ, खोटं नव्हतास बोलत तू. उगाच स्वतःचे इतके हाल करून घेतलेस. आता फक्त एक नाव सांग. माल काढून कोणी नेला? एक नाव, की सुटलास."

"साहेब, खड्डा बुजवू का?" मी विचारले.

"राहू दे तो. तुझं काम झालं. खात्यात परत जा." आणि माझी पाठ थोपटून ते म्हणाले, "सात खड्डे झाले म्हणून वर माझ्यावर हसत होते. आता हसा म्हणावं."

सापडल्यावर तेथे काम सुरू होते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतरचे नऊ दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. माल नेला कोणी, याचे उत्तर काकांपाशी नव्हते. मात्र डबा ठेवला कोणी, हे ते जाणत होते. एवढ्या दिवसांत त्या खोलीमध्ये त्यांना ठाऊक असलेली खरी गोष्ट एवढी एकच होती, आणि तिच्यावर माझे नाव होते. ती सांगितली असती तर त्यांच्यावरचा हात खाली आला असता. काकांनी माझे नाव घ्यावे असे मला एका क्षणी वाटे आणि घेऊ नये असे दुसऱ्या क्षणी वाटे. दुसरे अधिक वेळा वाटे, हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी पत्नीला सर्व सांगितले. मला वाटले होते की ती कपाळावर हात मारील. ती उठली, माझे दोन सदरे, एक लुंगी, टॉवेल आणि दाढीचे सामान एका कापडी पिशवीत भरले, आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

"ऐन वेळी शोधाशोध नको," ती म्हणाली.

पिशवी तशीच राहिली. कोणी आले नाही.

दहाव्या दिवशी आम्ही मोठ्या रस्त्यावर गळती काढीत होतो. साध्या कपड्यांतला एक मनुष्य खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. तो हवालदार होता. जोडारी चहा प्यायला गेला होता.

"पाणी मिळेल का, पाइपवाले?"

मी त्याला भांडे दिले. तो प्याला नाही.

"काल सकाळी गेला तुमचा म्हातारा," तो म्हणाला.

मी खड्ड्यातच होतो. मी फावडे खाली ठेवले.

"काही बोलला?"

"बोलला तर. सतरा नावं दिली, पत्त्यांसकट, खुणांसकट. आम्ही सतराच्या सतरा ठिकाणी गेलो. सगळे मेलेले. कुणी दहा वर्षांपूर्वी, कुणी वीस. एका घरी तर सून म्हणाली, सासऱ्यांना अटक करणार असाल तर जरा आमच्यासाठीही त्यांना चार गोष्टी विचारा." तो हसायला गेला, पण त्याला ते जमले नाही. "मग साहेब म्हणाले, जिवंत माणसाचं नाव घे. एकाचंच. त्यावर ब्र काढला नाही. शेवटपर्यंत."

तो खड्ड्याच्या कडेकडे बघत होता.

"माझा बाप विहिरी खणायचा. त्या आठव्या खड्ड्याची कड मी पाहिली होती. पट्टे सरळ होते. तिथे आधी कुणी खणलेलंच नव्हतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?" त्याने पाणी मातीत ओतले, भांडे काठावर ठेवले, आणि तो निघून गेला.

काकांच्या मृत्यूचे कारण हृदयविकार असे लिहिले गेले. पुढे तीन आठवड्यांनी खरे गुन्हेगार सापडले. बाजारात स्फोटाच्या जागी उशीच्या अभ्र्याचा एक जळका तुकडा मिळाला होता आणि त्यावर कपडे धुणारे घालतात तशी लाल दोऱ्याची खूण होती. एक शिपाई तो तुकडा खिशात घालून शहरातल्या एकेका धुलाईच्या दुकानात विचारीत फिरत होता. एकविसाव्या दुकानातल्या म्हाताऱ्याने चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाला, ही खूण माझी, हे गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतले. दुसरी पेटी त्या घरात माळ्यावरच होती. ती कोठेही पुरलेली नव्हती. कोणाला एक चापटही मारावी लागली नाही. वर्तमानपत्रात हे आतल्या पानावर आले. पार्सलाचा किंवा टपालाचा त्यात उल्लेख नव्हता, कारण त्यांचा काही संबंधच नव्हता.

मेहुणीने ती बातमी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्र उलटे करून ठेवले. त्या दिवशी ती मोठ्याने बोलली नाही.

आता साहेबांना उमज पडेल, असे मला वाटले होते. तथापि दोन महिन्यांनी चौकशी कचेरीतून आमच्या खात्याला निरोप आला, की खालच्या खोलीतला नळ गळतो. मुकादमाने मलाच धाडले. मी आटे बसवून, हात पुसून, सही घेण्यासाठी वर गेलो. दार अर्धे उघडे होते. आत सहा-सात नवे तरुण अधिकारी वह्या घेऊन बसले होते, आणि साहेबांच्या मेजावर माझा डबा ठेवलेला होता. त्याला कोणी तेल लावून पुसले होते.

"सात वेळा तो खोटं बोलला," साहेब सांगत होते. "सातव्याला आम्ही थांबलो असतो तर? आठव्याला हे निघालं. माणूस खरं कुठंतरी खोल ठेवतो. तिथपर्यंत जायची तयारी पाहिजे."

"पण साहेब, ते गुन्हेगार तर दुसरेच निघाले ना?" एका तरुणाने विचारले.

"ते दुसरं प्रकरण. ही पेटी निघाली की नाही? हातात धर. घे. वजन बघ."

तरुणाने डबा हातात घेतला, मान डोलावली, पुढच्याकडे दिला. एकाने वहीत लिहून घेतले. झाकणाच्या आतल्या बाजूस आमच्या खात्याचा क्रमांक ठोकलेला आहे. खड्ड्यापाशी साहेबांनी झाकण उघडले तेव्हाही तो पाहिला नव्हता, आणि आता झाकण उलटून पाहावे असे कोणाच्याही मनात आले नाही.

मी म्हणालो, "साहेब."

"झाला का नळ?"

"झाला."

"मग उभा का?"

मी सही घेतली आणि जिना उतरलो. ते सहा-सात जण सहा-सात गावी जाणार होते, आणि तेथे कोणीतरी आठव्यापर्यंत जाणार होता.

तसाच मी काकांच्या घरी गेलो. काकू जमिनीवर बसून काकांचा गणवेश घडी करीत होत्या. टपालखात्याने तो परत मागवला होता. मी उभ्यानेच सांगितले, पहिल्या खड्ड्यापासून डब्यापर्यंत. मध्ये त्यांनी मला एकदाही थांबवले नाही. फक्त सदऱ्याची एक बाही त्या पुन्हा पुन्हा सरळ करीत राहिल्या.

"घरी बोलायचे ते तुमच्याबद्दल," शेवटी त्या म्हणाल्या. "खणतो तो, पण अक्षर सुरेख आहे म्हणायचे."

"काकू, मी चांगल्यासाठी केलं."

"माहीत आहे." बाही दुमडीत त्या म्हणाल्या, "तुमचा पत्ता त्यांना पाठ होता."

"होय."

"पत्ता ते कधी विसरत नसत. स्वतःचं जेवण विसरायचे." त्यांनी गणवेश बाजूला ठेवला आणि प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले. "हे माझ्या दारात सांगून तुम्ही मोकळे होणार, की जिथं सांगायला पाहिजे तिथं सांगणार?"

मी पाणी मागितले. त्यांनी पेला आणून दिला, आणि पेला हातात घेतल्यावर मला काकांची आठवण होऊन रडू कोसळले. काकूंनी मला रडू दिले. समजूत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वच्छ सदरा घातला. खुंटीवरची पिशवी पत्नीने न बोलता काढून हातात घेतली.

"मी पण येणार," मेहुणी पलंगावरून ओरडली.

"तू कशाला? जिने आहेत तिथे."

"कुबड्या आहेत ना? माझ्या पायाचं नाव पुढं करून मारलं त्यांना. मला विचारायला आलं होतं का कुणी?"

दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत तक्रारी घेणारा कारकून जाळीच्या खिडकीआड बसला होता. त्याने मान वर न करता कोरा कागद ओढला.

"कोणाविरुद्ध?"

"आधी माझ्याविरुद्ध लिहा. मग चौकशी कचेरीच्या साहेबांविरुद्ध."

त्याने पेन थांबवले. "अर्जदारच पहिला आरोपी? अहो, इथं लोक शेजाऱ्याविरुद्ध लिहायला येतात. स्वतःविरुद्ध लिहायचं असेल तर घरी लिहा." मग त्याने माझ्या मागे उभी असलेली मेहुणी पाहिली, तिच्या कुबड्या पाहिल्या, आणि त्याचा सूर उतरला. "नाव सांगा."

मी सांगितले.

"पत्ता?"

काकांनी घोटून घेतले होते त्याप्रमाणे मी सांगितला. आधी माणूस, मग घर, मग गल्ली, मग खूण. एकही अंक चुकलो नाही. कारकुनाने तो उतरवून घेतला आणि पेन मिटवीत म्हणाला, "पत्ता मात्र नीट सांगता हो. लोक निम्मा सांगतात, मग समन्स परत येतं."

त्याने कागद सहीसाठी जाळीखालून पुढे सरकवला. बाहेरच्या बाकावर माझी पत्नी कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.